तिसरा ट्रान्सफॉर्मर परत जोडला आणि दोन फ्यूज गेले: पोलॅरिटीचं एक प्रकरण

आधी सेटअप सांगतो, तो डोळ्यासमोर आला नाही तर पुढचं काही कळणार नाही. एका वर्कशॉपमध्ये तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरची बँक (एकत्र जोडलेला संच) होती, प्रत्येकी १० केव्हीए, ४१५ व्होल्टचे ११० करणारे. प्रायमरी (सप्लायकडची वाइंडिंग) डेल्टात, म्हणजे तीन वाइंडिंग टोकाला टोक जोडून त्रिकोण, आणि सेकंडरी (लोडकडची) पण डेल्टात. सप्लायच्या तीन फेज आर, वाय, बी; पहिला युनिट आर-वाय वर, दुसरा वाय-बी वर, तिसरा बी-आर वर. तीन मिळून ३० केव्हीए आणि त्यावर ११० व्होल्ट थ्री फेजवर चालणारी जुनी हत्यारं आणि थोडं लाइटिंग.

यातला तिसरा युनिट जळला. आतले वेढे एकमेकांना शॉर्ट झाले, वास आला, तेव्हाच कळलं की हा गेला. तो काढून रिवाइंडिंगला दिला आणि तोपर्यंत उरलेल्या दोघांवर काम चालू ठेवलं. डेल्टा बँकेचा हा मोठा फायदा आहे, एक युनिट काढला तरी तिन्ही फेज मिळत राहतात, याला ओपन डेल्टा किंवा व्ही कनेक्शन म्हणतात. फक्त कपॅसिटी पडते. लोकांना वाटतं तीनातला एक गेला म्हणजे दोन तृतीयांश उरली, २० केव्हीए, पण तसं नाही, ५७.७ टक्केच उरते, म्हणजे आमच्या बाबतीत १७.३ केव्हीए. आमचा लोड त्यात बसत होता म्हणून गडबड झाली नाही आणि तीन आठवडे बँक दोन पायांवर निवांत चालली. हे तीन आठवडे लक्षात ठेवा, पुढे पुरावा म्हणून कामाला येणार आहेत.

मग युनिट परत आला. रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी सोबत एक कागद दिला होता, त्यावर मेगर व्हॅल्यू (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स) चांगली, रेशो (प्रायमरी आणि सेकंडरी व्होल्टेजचं प्रमाण) ३.७७ बरोबर, नो-लोड करंट बरोबर आणि शेवटी “पोलॅरिटी ओके” असं पण लिहिलेलं. टर्मिनलवर ताजे पेंट केलेले एच१, एच२ (प्रायमरीची टोकं), एक्स१, एक्स२ (सेकंडरीची). आम्ही सप्लाय बंद करून जुन्या ड्रॉइंगप्रमाणे आणि लेबलप्रमाणे तो जागेवर बसवला, सगळे लग टाइट केले, लोडचा ब्रेकर बंदच ठेवला आणि मेन टाकला.

भुंम्म असा एक आवाज आला, अर्धा सेकंद पण नाही, आणि शांत. सप्लायच्या बाजूच्या तीन एचआरसी (मोठा शॉर्ट करंट तोडणाऱ्या) फ्यूजपैकी आर आणि बी चे दोन गेले होते, वाय चा धडधाकट.

आता अशा वेळी माणूस काय करतो? पहिली सूचना आली की इनरश असेल, नवीन फ्यूज टाकून परत एकदा बघू. चार्ज करताना, म्हणजे सप्लाय देताना, ट्रान्सफॉर्मर क्षणभर फुल लोडच्या आठ-दहा पट करंट ओढू शकतो हे खरंय, पण याच ६३ अँपिअरच्या फ्यूजवर ही तीन युनिटची बँक कित्येक वर्षं चालू-बंद होत आलेली, तेव्हा कधी फ्यूज गेला नाही. आणि इनरशमध्ये जो आवाज येतो तो हळूहळू विरतो, हा तसा नव्हता. म्हणून परत टाकायला मी हात लावू दिला नाही. या एका गोष्टीबद्दल मला अजून बरं वाटतं, कारण दुसऱ्यांदा टाकलं असतं तर वाइंडिंगला परत तोच झटका बसला असता, आणि वाइंडिंगवरचा मेकॅनिकल जोर करंटच्या वर्गाने वाढतो. करंट सोळा पट तर जोर अडीचशे पटीच्या वर.

दुसरा अंदाज जास्त शहाणपणाचा होता: दोन फ्यूज गेले, एक राहिला, म्हणजे लाइन-टू-लाइन शॉर्ट. डेल्टा-डेल्टा बँकेच्या सेकंडरीला दोन फेजमध्ये शॉर्ट झाला तर प्रायमरीचे बरोबर दोनच फ्यूज जातात, तिसऱ्या लाइनला करंटच येत नाही. अगदी पुस्तकी लक्षण. फक्त अडचण एवढीच की लोडचा ब्रेकर उघडा होता, शॉर्ट असायचा तर तो ब्रेकरच्या अलीकडे दोन मीटर बसबारमध्येच असायला हवा. उघडून बघितलं, मेगर केलं, काही नाही. एकदम स्वच्छ.

तिसरा अंदाज, वायरिंग चुकलं. तीन जणांनी वेगवेगळं तपासलं, ड्रॉइंग हातात धरून, प्रत्येक लेबल वाचून. बरोबर होतं.

मग एकेक युनिट वेगळा करून चार्ज केला. पहिला, ११० व्होल्ट. दुसरा, ११० व्होल्ट. तिसरा म्हणजे रिवाइंड केलेला, तो पण ११० व्होल्ट, आवाज नाही, गरम नाही, फ्यूज जागेवर. इथे सगळे गप्प झाले. तिघे वेगवेगळे चांगले आणि एकत्र आले की भांडण, अशी केस होती. आणि खरं सांगायचं तर इथेच उत्तर दिसायला हवं होतं, कारण ट्रान्सफॉर्मरमध्ये एकटा असताना अजिबात न दिसणारा आणि दुसऱ्याशी जोडल्यावरच बाहेर येणारा दोष मुख्यतः एकच आहे, पोलॅरिटी.

आता इथे थोडं थांबतो, कारण “एसीला कुठे आलाय प्लस-मायनस” हा प्रश्न आमच्याकडे पण निघाला, आणि तो मूर्ख प्रश्न नाहीये. एसीमध्ये एका टर्मिनलला कायमचा प्लस म्हणताच येत नाही, ५० हर्ट्झला सेकंदात शंभर वेळा दिशा बदलते. पण पोलॅरिटी एका टर्मिनलची नसतेच, ती दोन वाइंडिंगच्या आपसातल्या नात्याची असते. प्रायमरीचं एच१ ज्या क्षणी एच२ पेक्षा वर आहे त्याच क्षणी सेकंडरीचं कुठलं टोक वर आहे, एवढाच प्रश्न. जे टोक त्याच वेळी वर असतं त्याला एक्स१ म्हणायचं. ड्रॉइंगमध्ये दोन वाइंडिंगच्या टोकाशी ठिपके असतात ते हेच सांगतात. म्हणजे “हा ट्रान्सफॉर्मर उलटा आहे” हे वाक्य तसं अर्धवट आहे, उलटं असतं ते लेबल आणि खऱ्या नात्यातलं अंतर. एकट्या ट्रान्सफॉर्मरवर बल्ब लावला तर बल्बला काय फरक पडतो, तो दोन्हीकडून तेवढाच पेटतो. रेशो टेस्टलाही कळत नाही, कारण रेशो आकडा मोजतो, दिशा नाही. मेगरला तर काही देणंघेणंच नाही. म्हणून मिस्त्रींच्या कागदावरचे पहिले तीन रिझल्ट खरे असूनही आमच्या कामाचे नव्हते.

परत केसकडे. आम्ही सेकंडरी डेल्टाचा शेवटचा जोड उघडला, म्हणजे तिसऱ्या युनिटचं एक टोक बसबारला लावलेलं आणि दुसरं मोकळं. मोकळं टोक आणि ज्या बसबारला ते जाणार तो बसबार, या दोघांमध्ये मीटर लावला, आणि मेन टाकला. मीटर दाखवतोय २२०.

एकशे दहाच्या सिस्टीममध्ये दोनशे वीस! तिथे उभ्या असलेल्या हेल्परने विचारलं, “साहेब, हे कुठून आलं?” त्याला समजावताना मला स्वतःलाच हे नीट कळलं, म्हणून तसंच लिहितो. फेजर डायग्राम काढायची पण गरज नाही. ती तीन आठवड्यांची ओपन डेल्टा आठवा. दोनच युनिट होते तेव्हा ज्या दोन कोपऱ्यांमध्ये तिसरा नव्हता, तिथे व्होल्टेज किती होतं? ११०, पूर्ण. तिसरा नसतानाही. म्हणजे त्या जागी आधीच ११० व्होल्टचा एक सोर्स हजर आहे, दोन युनिट मिळून बनलेला. आता तुम्ही तिसरा आणून त्याच दोन पॉइंटना जोडताय, म्हणजे काय करताय, पॅरलल करताय. दोन बॅटऱ्या पॅरलल करताना प्लसला प्लस लावला तर शेवटचा जोड करायच्या आधी मधे काहीच व्होल्टेज दिसत नाही, आणि प्लसला मायनस लावला तर दोन्हीची बेरीज दिसते. इथे पण तेच, एकतर ११० वजा ११० शून्य, नाहीतर ११० अधिक ११० दोनशे वीस. आणि हे २२० व्होल्ट कुठल्या लोडवर नाही, फक्त तीन वाइंडिंगच्या स्वतःच्या इम्पिडन्सवर (एसी करंटला होणाऱ्या अडथळ्यावर) पडणार, जोड बंद केला की.

तो इम्पिडन्स किती? युनिटच्या प्लेटवर ४ टक्के आहे. १० केव्हीए ११० व्होल्टला बेस (११० व्होल्ट भागिले फुल लोड करंट) येतो १.२१ ओहम, त्याचे ४ टक्के म्हणजे ०.०४८४, तिघांचे मिळून ०.१४५ ओहम. २२० भागिले ०.१४५, साधारण १५१५ अँपिअर. सेकंडरीचा फुल लोड करंट ९१ च्या आत, म्हणजे जवळजवळ १६.७ पट, लोडचा ब्रेकर उघडा असताना, डेल्टाच्या आतल्या आत गोल गोल. यात सप्लायचा स्वतःचा इम्पिडन्स धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी झालं असणार, पण फ्यूजला काय तेवढं पुरे.

आता फ्यूजची गंमत, मला या सगळ्या केसमध्ये हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. सेकंडरीत गोल फिरणारा करंट तिन्ही युनिटमध्ये सारखा. प्रायमरीत पण प्रत्येक वाइंडिंगमध्ये त्याच प्रमाणात, साधारण ४०० अँपिअर. पण तिसऱ्या युनिटचं नातं उलटं असल्यामुळे त्याच्या प्रायमरीतला करंट बाकी दोघांच्या उलट्या दिशेने. डेल्टात लाइनचा करंट म्हणजे दोन शेजारच्या वाइंडिंगच्या करंटची वजाबाकी. वाय लाइन ही पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली, दोघे सारखे, वजाबाकी शून्य, म्हणून वाय चा फ्यूज वाचला. आर आणि बी या लाइन तिसऱ्याला लागून आहेत, तिथे एक अधिक एक वजा, वजाबाकी करायला गेलं तर बेरीज होते, ८०० अँपिअर. म्हणजे जे दोन फ्यूज गेले ते बोट दाखवून सांगत होते की दोष कुणात आहे, दोन्ही उडालेल्या फ्यूजच्या मधे बसलेला युनिट. आम्ही मात्र “दोन फ्यूज म्हणजे लाइन-टू-लाइन” म्हणून बसबारवर दीड तास घालवला. लक्षण तेच, कारण वेगळं. आणि लोड बंद होता ही एकच गोष्ट दोन्ही कारणं वेगळी करत होती, जी आम्हाला पहिल्या मिनिटापासून माहीत होती.

एक शंका रास्त आहे: २२० आकडा फक्त सांगतो की तिघातला एक वेगळा आहे, कुठला ते सांगत नाही. पहिला उलटा असता तरी २२० च आलं असतं. पण मग ते तीन आठवडे बघा. पहिल्या दोघातला एक जरी उलटा असता तर ओपन डेल्टाच्या मोकळ्या कोपऱ्यांत ११० च्या ऐवजी १९० व्होल्ट आले असते, म्हणजे ११० गुणिले रूट थ्री, आणि हत्यारांच्या मोटारी जळाल्या असत्या. तसं काही झालं नाही, तिन्ही जोड्यांत ११० होतं. म्हणजे पहिले दोघे आपसात बरोबर, चुकलेला तिसराच.

तरी पण बेंचवर टेस्ट केल्याशिवाय मिस्त्रींना फोन करायचा नाही असं ठरवलं, नाहीतर “तुमचंच वायरिंग चुकलं असेल” हे उत्तर ठरलेलं. टेस्ट सोपी आहे. एच१ आणि एक्स१ एका वायरने जोडले. एच१-एच२ ला २३० व्होल्ट दिले. सेकंडरीला येतात ६१, कारण रेशो ३.७७. मग एच२ आणि एक्स२ मध्ये मीटर. लेबल खरं असेल तर २३० वजा ६१ म्हणजे १६९ यायला हवेत, खोटं असेल तर बेरीज, २९१. आले २९१. सप्लाय नेहमी जास्त व्होल्टच्या बाजूला द्यायची बरं का, चुकून २३० व्होल्ट त्या ११० च्या वाइंडिंगला दिले तर दुसरीकडे साडेआठशेच्या वर तयार होतात, वर कोअर सॅच्युरेट होणार ते वेगळंच.

या टेस्टमध्ये लोक एका ठिकाणी कायम घसरतात. “अॅडिटिव्ह” आणि “सबट्रॅक्टिव्ह” हे दोन शब्द ऐकले की वाटतं अॅडिटिव्ह म्हणजे चुकीचा ट्रान्सफॉर्मर. नाही. हे शब्द टर्मिनल बॉडीवर कुठल्या जागी काढलेत त्याबद्दल आहेत. एच१ च्या समोरासमोर एक्स१ असेल तर सबट्रॅक्टिव्ह, तिरक्या कोपऱ्यात असेल तर अॅडिटिव्ह. समोरासमोरचे दोन टर्मिनल जोडून टेस्ट केली तर पहिल्यात वजाबाकी येते, दुसऱ्यात बेरीज, नाव त्यावरून पडलं. अमेरिकन स्टँडर्डमध्ये तर २०० केव्हीएपर्यंतचे, हाय व्होल्टेज ८६६० व्होल्टपर्यंत असलेले सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर अॅडिटिव्हच धरलेत आणि त्यावरचे सबट्रॅक्टिव्ह, कारण मोठ्या व्होल्टेजला शेजारच्या लीडमध्ये बेरजेचं व्होल्टेज आलं की इन्सुलेशनवर ताण जास्त. दोन्ही प्रकार चांगले, दोन्ही आपसात जोडता पण येतात, लेबल खरं असेल तर. म्हणून मी जागा बघून नाही, लेबल वाचून जोडतो: एच१ ला एक्स१, मग तो समोर असो की कोपऱ्यात. अशी टेस्ट केली की बरोबर लेबलचा अॅडिटिव्ह ट्रान्सफॉर्मर पण वजाबाकीच दाखवतो. बेरीज आली की लेबल खोटं, विषय संपला.

मग फोन केला. मिस्त्री म्हणाले, “दादा, मी स्वतः सेल लावून चेक केलंय, काटा सरळ गेला होता.” माणूस खोटं बोलत नव्हता, काम पण स्वच्छ करणारा. म्हणून जाऊन त्यांना विचारलं की कसं केलं ते करून दाखवा. त्यांनी दीड व्होल्टचा सेल घेतला, प्लस एच१ ला, मायनस एच२ ला टेकवला, काट्याचा जुना मीटर एक्स१-एक्स२ ला प्लस-मायनस बघून लावला, रेंज १० व्होल्टची. सेलची वायर टेकवली, सोडली, काटा टुणकन उजवीकडे उडाला. “हे बघा, सरळ.”

मी म्हटलं परत करा, आणि टेकवताना वेगळं बघू, सोडताना वेगळं. टेकवलं, काटा हललाच नाही. सोडलं, उडाला. तिथेच सगळं उलगडलं.

या टेस्टचा नियम असा की सेल टेकवताना, म्हणजे सर्किट बंद होताना जो झटका येतो तो बघायचा. करंट वाढतोय, फ्लक्स (कोअरमधला चुंबकीय प्रवाह) वाढतोय, आणि त्या क्षणी एक्स१ खरंच एच१ चा जोडीदार असेल तर काटा उजवीकडे. सोडताना फ्लक्स पडतो, म्हणून काटा उलटा. म्हणजे एकाच टेस्टमध्ये दोन्ही उत्तरं येतात, एक खरं आणि एक त्याच्या बरोबर उलटं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या करून हाच प्रयोग केला होता, बॅटरी जोडताना सुई एकीकडे आणि तोडताना दुसरीकडे, मधल्या वेळात काहीच नाही.

आता मिस्त्रींच्या मीटरचं काय झालं ते बघा. रेशो ३.७७ चा स्टेप डाउन, सेल दीड व्होल्टचा, तर टेकवताना सेकंडरीला जास्तीत जास्त ०.४ व्होल्ट, १० व्होल्टच्या रेंजवर काटा जेमतेम थरथरेल. त्यात लेबल उलटं असल्यामुळे तो झटका डावीकडे होता, आणि या मीटरचा शून्य डाव्या टोकाला, काटा आधीच खुंटीला टेकलेला, डावीकडे जाणार कुठे? मग सोडताना करंट एकदम तुटतो, टेकवतानाच्या मानाने खूप वेगाने, म्हणून झटका मोठा, आणि तो उजवीकडे. डोळ्याला दिसला फक्त तोच. म्हणजे हा मीटर उलट्या लेबलला नेहमीच “सरळ” म्हणणार होता. आणि सरळ लेबल असताना? टेकवताना बारीक उजवीकडे, सोडताना जोरात खुंटीवर, दिसणार जवळजवळ काहीच नाही, मग माणूस म्हणणार काहीतरी गडबड आहे आणि लीड बदलणार. मला वाटतं हेच झालं असावं.

“असावं” म्हणतोय कारण दुसरी पण एक शक्यता निघाली. त्यांनी सेकंडरीची कॉइल वेगळ्या फॉर्मरवर (साच्यावर) गुंडाळून, सुरुवातीच्या लीडला लाल स्लीव्ह घालून मग कोअरवर चढवली होती. ती चढवताना खालची बाजू वर झाली तर लाल स्लीव्हचं टोक खाली येतं, गुंडाळणीची वळणं तीच राहतात पण लाल टोकातून आत जाणारा करंट आता फ्लक्स उलट्या दिशेला ढकलतो. स्लीव्ह बघून एक्स१ ला आणलं की झालं उलटं. मूळ चूक कॉइल चढवताना झाली की मीटर बघून लीड बदलताना, हे आता सांगता येत नाही, आणि कुठेही झाली असली तरी पकडायला हवी होती ती टेस्टनेच.

मीटर डिजिटल असता तर बरं झालं असतं का? अजिबात नाही. डिजिटल मीटर सेकंदात दोन-तीनदाच वाचतो, झटका मिलिसेकंदांचा, कधी प्लस दाखवेल कधी मायनस कधी काहीच नाही. या टेस्टला मधे शून्य असलेला काट्याचा मीटर हवा, खालची रेंज, आणि टेकवून दोन सेकंद थांबून मग सोडायचं म्हणजे दोन झटके वेगळे दिसतात. सोडताना हात उघड्या टर्मिनलला लावू नका, एवढ्याशा सेलने पण प्रायमरीला चांगला चटका बसतो. आमच्या मिस्त्रींनी तो खाल्लेला होता, विचारल्यावर हसले.

दुरुस्ती दोन मिनिटांची. तिथे एकाने सुचवलं की प्रायमरी पण बदलू आणि सेकंडरी पण, म्हणजे नक्की सरळ होईल. दोन्ही बदलले तर नातं होतं तेच राहतं! एकच बाजू बदलायची. आम्ही सेकंडरीची पेंट केलेली नावं बदलली, म्हणजे ड्रॉइंग आणि बसबारच्या लीड होत्या तशाच राहतात आणि पुढच्या माणसाला “इथे ड्रॉइंगपेक्षा उलटं जोडलंय” असली चिठ्ठी वाचावी लागत नाही. बेंचवर परत टेस्ट, १६९. मग झटका बसलेल्या तिन्ही युनिटचं मेगर आणि रेशो परत बघितलं, ठीक होतं.

मग परत बसवून शेवटचा जोड उघडा ठेवून मेन टाकला. मीटर ०.७ व्होल्ट.

इथे हुशार लोक दोन चुका करतात. पहिली, शून्य दिसलं की खूश होणं. मीटरचा फ्यूज गेला असेल, प्रोब नीट टेकला नसेल, तिसऱ्याचं दुसरं टोक बसबारला लागलंच नसेल, तरी शून्यच किंवा शून्यासारखं काहीतरी दिसतं. म्हणून तोच मीटर त्याच रेंजवर आधी एका चालू जोडीवर लावून ११० बघायचे, मग गॅपवर (उघड्या ठेवलेल्या जोडावर), मग परत चालू जोडीवर. टेस्ट लॅम्प वापरत असाल तर तोच नियम, न पेटलेला लॅम्प आणि उडालेला लॅम्प सारखेच दिसतात. आणि मीटरची रेंज २२० ला पुरेल अशी ठेवून सुरुवात करायची, शून्य अपेक्षित आहे म्हणून छोट्या रेंजवर नाही.

दुसरी चूक, शून्य नाही म्हणून घाबरणं. आमच्याकडे ०.७ कुठून आले? प्रायमरी डेल्टात असल्यामुळे सप्लायच्या तीन फेजमध्ये थोडा अनबॅलन्स असला तरी तिन्ही लाइन व्होल्टेजची बेरीज शून्यच राहते, म्हणजे उरलेलं जे काही आहे ते युनिटच्या रेशोतल्या फरकाचं. या युनिटच्या सेकंडरीत ४० वेढे, म्हणजे वेढ्याला २.७५ व्होल्ट, सेकंडरीत एक वेढा चुकला असता तर मीटरने २.७५ दाखवले असते. प्रायमरीत १५१ वेढे, त्यातला एक इकडेतिकडे झाला तर ०.६६ टक्के, ११० वर ०.७३ व्होल्ट. बहुतेक मिस्त्रींची मोजणी प्रायमरीत एका वेढ्याने हुकली. त्याने जोड बंद केल्यावर किती करंट फिरेल? ०.७ भागिले ०.१४५, पाचच्या जरा खाली. ९१ मध्ये ५ चालतील. सेकंडरीत एक वेढा चुकला असता तर १९ अँपिअर कायम फुकट फिरत राहिले असते आणि ते मी मान्य केलं नसतं.

बँकेची प्रायमरी स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र न्यूट्रलला) असती आणि न्यूट्रल मोकळा असता तर हा हिशोब इतका सोपा राहिला नसता. तिथे पोलॅरिटी बरोबर असूनही गॅपमध्ये दहा-वीस, कधी त्याहून जास्त व्होल्ट दिसू शकतात, कारण तीन वेगळ्या कोअरना लागणारा तिसऱ्या हार्मोनिकचा (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा) मॅग्नेटायझिंग करंट वाहायला वाट नसते, मग तो व्होल्टेजमध्ये उतरतो आणि तिन्ही युनिटचा एकाच दिशेने मिळून तिप्पट होतो. ओळखायची युक्ती अशी की मीटरचं फ्रिक्वेन्सीचं बटण दाबायचं. पोलॅरिटीची चूक ५० हर्ट्झ दाखवते, हार्मोनिक १५०. ते व्होल्टेज डेल्टा बंद केल्यावर आपोआप बसतं. आमच्याकडे ही भानगड नव्हती, पण ०.७ दिसल्यावर एकाने विचारलं म्हणून लिहिलं.

सप्लाय बंद करून शेवटचा जोड एकदम लगने टाइट न करता आधी फ्यूजच्या बारीक तारेने केला, मेन टाकला, तार टिकली. परत बंद, तार काढून लग टाइट, परत चालू. लोड न देता डेल्टाच्या आतल्या लीडवर क्लॅम्प मीटर लावला, पाचच्या आसपास अँपिअर. लोड दिला, तिन्ही युनिट सारखे गरम होतायत का ते दोन तास हात लावून बघितलं, मग जेवायला गेलो.

मिस्त्रींनी आता मधे शून्यवाला मीटर घेतलाय. परवा त्यांचा फोन आला, दुसऱ्या कुणाचा करंट ट्रान्सफॉर्मर (मोजण्यासाठी मोठा करंट लहान करणारा) समोर होता आणि विचारत होते की याला पण टेकवतानाच बघायचं ना. म्हटलं हो, सेल पी१-पी२ ला (त्याच्या प्रायमरीला), मीटर एस१-एस२ ला (सेकंडरीला), आणि टेकवतानाच.